गाडी कोण चालवत होते?

कलावंताच्या सहचरीला 'प्रेरणा' म्हणून मोकळे होणे ही समीक्षेची फार जुनी सोय आहे. शब्द दिसायला आदराचा आहे. पण त्यात एक गोम आहे: प्रेरणेला मजुरी द्यावी लागत नाही, तिच्या हातून काही काम झाले असे मानावे लागत नाही आणि तिने काही लिहून ठेवले असेल तर ते वाचण्याचीही गरज उरत नाही. ती फक्त असते; करतो तो कलावंत. छायाचित्रणकलेच्या इतिहासात या सोयीचा जेवढा निर्धास्त वापर झाला आहे, तेवढा क्वचितच अन्यत्र झाला असेल. एडवर्ड वेस्टन आणि कॅरिस विल्सन यांचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

वेस्टनचा जन्म १८८६ चा, कॅरिसचा १९१४ चा. १९३४ च्या सुमारास दोघे एकत्र आले. १९३७ मध्ये वेस्टनला गुगेनहाईम फेलोशिप मिळाली. ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार; रक्कम दोन हजार डॉलर. हा तपशील प्रत्येक चरित्रात असतो. मात्र वेस्टनने केलेला मूळ अर्ज अगदीच त्रोटक होता आणि त्यामागची कल्पना सविस्तर मांडणारा मजकूर कॅरिसने लिहून दिला होता, ही गोष्ट सहसा तळटीपेत जाते. पैसे हाती आल्यावर दोघांनी एक फोर्ड गाडी घेतली, तिचे 'हायमी' असे नाव ठेवले आणि कॅलिफोर्निया व आसपासचा पश्चिम प्रदेश पालथा घालायला सुरुवात केली. बारा महिन्यांत १६,६९७ मैल, म्हणजे सुमारे सत्तावीस हजार किलोमीटर प्रवास झाला आणि १,२६० निगेटिव्ह तयार झाल्या.

आता एक साधा प्रश्न. हा १६,६९७ चा आकडा आपल्याला कळला कुठून? तो कॅरिसने ठेवलेल्या नोंदवहीतून कळला. आणि ते मैल काटले कोणी? तेही कॅरिसनेच, कारण वेस्टन गाडी चालवत नसे. चाकावर ती, शेजारी तो. आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा अवजड कॅमेरा, तिवई आणि तंबूचे सामान घेऊन वाळवंटातून जाणाऱ्या त्या गाडीत रस्त्यावर डोळा ठेवण्याचे काम जिच्याकडे होते, तिच्याकडे 'दृष्टी' नव्हती असे आपला कलेतिहास अगदी शांतपणे गृहीत धरतो! वेस्टनची ख्याती तर समोर येईल ते टिपणारा म्हणून. पण काय समोर येणार हे बऱ्याच अंशी गाडी कुठे वळते, कोणत्या वेगाने जाते आणि कुठे थांबते यावर ठरते. एवढी साधी गोष्ट सौंदर्यशास्त्राच्या ध्यानात येऊ नये, याचे नवल वाटते.

आणखी एक योगायोग पाहा. वेस्टनच्या रोजनिशा प्रसिद्ध आहेत. १९६१ आणि १९६६ मध्ये त्या दोन खंडांत प्रकाशित झाल्या आणि त्याच्याविषयीची बरीचशी समीक्षा आजही त्यांच्याच आधारे उभी आहे. पण कॅरिस त्याच्या आयुष्यात आली त्याच वर्षी, १९३४ मध्ये, हे लेखन जवळजवळ थांबते. म्हणजे त्याच्या सर्वांत फलद्रूप प्रवासाची लेखणी त्याच्या हातात नव्हती, तिच्या हातात होती. १९४० साली निघालेल्या 'कॅलिफोर्निया अँड द वेस्ट' या पुस्तकात छायाचित्रे त्याची आहेत, मजकूर तिचा आहे आणि नावे दोघांची आहेत. तरीही पुढे त्यातील छायाचित्रे एकेकटी संग्रहालयांच्या भिंतींवर गेली आणि मजकूर मागे राहिला. कोलोरॅडो वाळवंटात १९३७ मध्ये टिपलेला मृत माणसाचा चेहरा आज 'रूपाचा' नमुना म्हणून दाखवता येतो. तो माणूस त्यांना कुठे आणि कसा सापडला हे जाणून घ्यायचे तर तिच्या गद्याकडेच जावे लागते. मजकूर काढून टाकला की मृत्यूची रचना शिल्लक राहते आणि माणूस नाहीसा होतो. ही आमच्या मते वाङ्मयीन हानी आहे, केवळ श्रेयाचा प्रश्न नव्हे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: गाडी हाकणारा कलावंत होत नाही, नजर वेस्टनची, चौकट त्याची, अंधाऱ्या खोलीतले मुद्रणही त्याचेच. कबूल. कॅरिसला छायाचित्रकार ठरवावे असा आमचा आग्रह नाही. पण चित्रपटाबाबत आपण पटकथाकाराचे, संकलकाचे नाव घेतो. तिथे 'कॅमेरा तर दुसऱ्याचा होता' असे म्हणून त्यांना वगळत नाही. मग दोन माणसांनी मिळून केलेल्या प्रवासाच्या पुस्तकाला एकाच डोळ्याची निर्मिती मानण्याचा हट्ट का? एकांड्या प्रतिभेची दंतकथा टिकवणे सोयीचे असते, याखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

प्रवासात जे झाले तेच घरातही. १९३८ मध्ये कार्मेल हायलँड्स येथे त्यांचे 'वाइल्डकॅट हिल' हे लहानसे घर उभे राहिले. जमीन कॅरिसच्या वडिलांची, बांधणारा वेस्टनचा मुलगा नील. पुढल्या वर्षी दोघांनी लग्न केले. या घरातल्या असंख्य मांजरांवर १९४७ मध्ये पुस्तक निघाले, त्याचाही मजकूर कॅरिसचा. वेस्टनच्या नावाभोवती जे तपस्व्याचे वलय आहे, त्यात ही मांजरे नीट बसत नाहीत. म्हणून समीक्षक त्यांना उतरत्या काळातला विरंगुळा म्हणून बाजूला सारतात. मिरची आणि शिंपला यांत विश्वरूप पाहणाऱ्यांना उंबरठ्यावरचे मांजर मात्र किरकोळ वाटते. घरातले रोजचे जगणे कलेत यायचे तर त्याने आधी घरपण टाकून यावे, अशी ही अट आहे.

या अटीचा खरा जाच कॅरिसच्या छायाचित्रांना झाला. १९३७ च्या उन्हाळ्यात सिएरा पर्वतात, एडिझा सरोवराजवळ घेतलेले तिचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. अंगात पँट, पायांत उंच बूट, डासांपासून बचाव म्हणून डोक्याभोवती गुंडाळलेले कापड, पाठ खडकाला टेकलेली. या चित्रात प्रेक्षकांना कामुकता दिसत आली. दिवसभराच्या चढणीने दमलेली बाई त्यांना दिसली नाही. आपण थकलो होतो, एवढेच त्यामागचे सत्य असल्याचे कॅरिसने पुढे स्वतःच सांगितले. पण एकदा 'प्रेरणा' ठरलेल्या बाईला दमण्याची मुभा नसते.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द सांगायला हवेत. कॅरिसला आता पीडिता ठरवण्याचा उत्साहही वाढीला लागला आहे. पुरुषाची नजर, स्त्रीचा देह, शोषण: सूत्र तयार आहे, फक्त नावे भरायची. पण १९९८ मध्ये, वयाची चौऱ्यांशी वर्षे गाठत असताना प्रसिद्ध केलेल्या 'थ्रू अनदर लेन्स' या आठवणींत ती न रडते, न आरती ओवाळते. ती ते दिवस मिस्कीलपणे सांगते आणि जिथे बोचले तिथे बोचले असेही म्हणते. १९४६ मध्ये तिने घटस्फोट घेतला. वेस्टन १९५८ मध्ये, तर ती २००९ मध्ये निवर्तली. एवढे दीर्घ आणि स्वतंत्र आयुष्य जगलेल्या बाईला मूर्ती म्हणून पुजणारे आणि बळी म्हणून तिच्यावर कळवळणारे, दोघेही एकच काम करतात: तिचे म्हणणे ऐकत नाहीत.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. आपल्या प्रवासवर्णनांतून 'सौ.' नावाची एक बिननावाची सहप्रवासिनी कित्येक दशके हिंडते आहे. ती डबे भरते, सामान मोजते, विनोदाला निमित्त होते आणि अर्पणपत्रिकेत कृतज्ञतेची धनी होते. सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आले, तेव्हा त्यातल्या लखलखीत गद्यापेक्षा त्यात पु.लं.विषयी काय लिहिले आहे याचीच चर्चा अनेकांना अधिक रुचली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण श्रेष्ठ मानतो खरे, पण रेव्हरंड टिळकांच्या चरित्राचे साधन म्हणून ती चाळणारेही काही कमी नाहीत. बाईच्या लेखनाला पुरुषाच्या माहितीची खाण समजणे आणि बाईच्या देहाला पुरुषाच्या प्रतिभेचा पुरावा समजणे, या एकाच खोडीच्या दोन तऱ्हा आहेत.

आज तर हातोहाती कॅमेरा आहे आणि जोडप्याची सहल घरी परतण्याआधीच जगाला दाखवली जाते. त्या चित्रांतही एक जण दिसतो आणि एक जण दिसण्याची तजवीज करतो. ते दोघे वेळोवेळी जागा बदलतात का, हा प्रश्न त्यांना खुशाल विचारावा. पण समीक्षेने तो आधी स्वतःला विचारायला हवा. वेस्टनच्या छायाचित्रांचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. ती ज्या पुस्तकांसाठी एकत्र आली होती, ती पुस्तके पुन्हा त्यांच्या मजकुरासह वाचली जावीत, अभ्यासक्रमांत दोन्ही नावे एकाच ओळीत यावीत आणि 'प्रेरणा' हा शब्द निदान काही वर्षे विश्रांतीला पाठवावा, इतकेच आमचे मागणे आहे. कॅरिसने जे केले त्यासाठी साधे, रोखठोक शब्द मराठीत पुरेसे आहेत. तिने गाडी चालवली, नोंदी ठेवल्या आणि पुस्तक लिहिले.