नकाशावरची सही आणि घरावरचा बोजा



आजोबांनी गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहिल्या. वडिलांनी थापी हातात धरली. आता नातू नकाशा काढतो. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी या गावांत आपली मुले आर्किटेक्ट होऊन किंवा सिव्हिलची पदविका घेऊन एका खोलीचे ऑफिस थाटून बसली आहेत. कोणी शेत गहाण ठेवले, कोणाच्या आईने दागिने मोडले. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु नकाशावर सही करणे म्हणजे जबाबदारी घेणे आहे, हे किती घरांना ठाऊक आहे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. जड माळवदे आणि दगडमातीच्या भिंती यांखाली झोपलेली माणसे उठलीच नाहीत. घर कसे बांधले यावर जीव अवलंबून असतो, हा धडा मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन घेतला.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही ‘सेवा’ आहे असे ठरविले. म्हणजे सेवेत खोट निघाली तर घरमालक ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. पुढे २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण मरण पावले. त्या वेळी दाखल झालेल्या गुन्ह्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आर.सी.सी. सल्लागार यांचीही नावे होती.

कोणी म्हणेल, “मी कुठे आर्किटेक्ट आहे? मी तर नुसते प्लॅन काढून देतो.” १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावता येत नाही. मात्र हे काम करण्यास इतरांना मनाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितले. काम करता येते, तर चुकीची जबाबदारीही आलीच.

आता हिशेबाची बाजू पाहू. एकट्या मालकीच्या धंद्यात ऑफिसचे देणे आणि घरचे देणे वेगळे नसते. भरपाईचा हुकूम झाला तर राहत्या घरावरही बोजा येऊ शकतो. भागीदारीत तर एका भागीदाराच्या चुकीचे पैसे दुसऱ्याकडूनही वसूल होतात. यासाठी व्यावसायिक जबाबदारीचा विमा असतो. त्याला विमा कंपन्या ‘प्रोफेशनल इंडेम्निटी’ म्हणतात. वास्तुकला परिषदेच्या कामाच्या अटींमध्येही या विम्याचा उल्लेख आहे.

पॉलिसी घेताना चार गोष्टी नीट वाचा.

पहिली गोष्ट, चूक कधी झाली एवढ्यावर भागत नाही. दावा येईल त्या वेळी पॉलिसी चालू असावी लागते. २०२२ साली काढलेल्या नकाशाबद्दल आज नोटीस आली आणि मध्ये एक वर्ष हप्ता भरला नसेल, तर जुन्या कामाचे संरक्षण तुटू शकते. म्हणून कोणत्या तारखेपासूनची कामे धरली आहेत ते पाहावे आणि नूतनीकरण चुकवू नये.

दुसरी गोष्ट, मोठा आकडा पाहून भुलू नका. वर्षाची मर्यादा २० लाख आणि प्रमाण १:४ असेल, तर एका घटनेला ५ लाखच मिळतात. शिवाय दाव्यातील ठरावीक पहिली रक्कम आपल्यालाच सोसावी लागते.

तिसरी गोष्ट, जाणूनबुजून केलेले गैरकाम, फसवणूक आणि सरकारी दंड यांना हा विमा लागू नाही. साइट न पाहता पैसे घेऊन सही देणाऱ्याला कोणतीही पॉलिसी वाचवणार नाही.

चौथी गोष्ट, नोटीस येताच कंपनीला लेखी कळवा. कंपनीची संमती न घेता चूक कबूल करू नका, तडजोडही करू नका. आणि एजंटाने भरलेल्या अर्जावर डोळे मिटून सही करू नका. खोटी माहिती निघाल्यास दावा फेटाळला जातो.

ऑफिसातील संगणक, प्रिंटर, फर्निचर यांचा विमा वेगळा घ्यावा लागतो. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड व माजलगावात जाळपोळ झाली. माजलगाव नगरपालिकेची इमारतही त्यातून सुटली नाही. अशा वेळी छोट्या ऑफिसाने कोणाकडे पाहायचे? २०२१ साली सुरू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीत आगीबरोबर दंगलीचे नुकसानही धरले आहे. भाड्याच्या खोलीतील सामानासाठीही ती घेता येते.

कंपनीने दावा नाकारला तर खचून जाऊ नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. बीड जिल्हा त्यांच्या कक्षेत आहे. एकट्या मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या तक्रारी तेथे घेतल्या जातात. फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

एवढे मात्र लक्षात ठेवा की, विमा पैसे देतो, गेलेला माणूस देत नाही. म्हणून सळई मोजा, साइटवर जा, प्रत्येक भेटीची नोंद तारीखवार वहीत ठेवा. मालक सळई कमी करायला सांगत असेल तर नकार लेखी द्या. पॉलिसी आणि ती वही कोठे ठेवली आहे, हे घरातल्या बाईमाणसाला सांगून ठेवा. ज्या आईने दागिने मोडले तिला हे माहीत असण्याचा हक्क आहे.