अभिरूप संसदेत न शिकवला जाणारा धडा

विद्यार्थ्यांनी सभागृह भरवावे, एकाने सभापती व्हावे, काहींनी मंत्री आणि काहींनी विरोधक व्हावे, हा उपक्रम आपल्या देशात जुना आहे. १९६२ साली मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या अखिल भारतीय परिषदेने शिक्षणसंस्थांत अभिरूप संसद भरवण्याची शिफारस केली. १९६६ च्या सुमारास दिल्लीच्या शाळांत तिचा आरंभ झाला आणि पुढे ती देशभर पोहोचली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आमच्या पट्ट्यातील मुलेमुलीही अशा स्पर्धांत उतरतात, सफाईने बोलतात, बक्षिसे आणतात. त्यांचे कौतुक आम्हाला आहेच. तक्रार आहे ती त्यांना दिल्या जाणाऱ्या संहितेविषयी.

ही संसद फार सोज्ज्वळ असते. निवडणूक झालेली असते, सरकार स्थिर असते, सभापतींची घंटा वाजताच सारे खाली बसतात. ज्यांच्या हातून सत्ता गेली ते निमूट बाकावर बसून पुरवणी प्रश्न विचारतात. मुलांची अशी समजूत होते की मतमोजणी संपली की सत्ता आपोआप एका हातातून दुसऱ्या हातात जाते. प्रत्यक्षात खरी लढत त्या रात्रीनंतर सुरू होते. शौलाची राजा म्हणून निवड झाली तेव्हाही काही जणांनी 'हा आमचे काय रक्षण करणार?' अशा भावनेने त्याला तुच्छ लेखले आणि त्याच्यासाठी भेट आणली नाही, हे शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात आपण वाचतो. भेट न आणणे हा केवळ रुसवा नव्हता, तो असहकार होता.

आपल्याच राज्यातील उदाहरण घ्या. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावात मनीषा पानपाटील सरपंच म्हणून निवडून आल्या. त्या सासूबरोबर सरकारी जमिनीवरील घरात राहतात, अशी तक्रार गावकऱ्यांपैकी काहींनी केली. आपण पती व मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, हे त्यांचे म्हणणे होते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवले, विभागीय आयुक्तांनी तो निर्णय कायम केला, उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. अखेर २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले. एक स्त्री सरपंच होऊन आपल्या वतीने निर्णय घेईल आणि ते आपल्याला पाळावे लागतील, ही गोष्ट गावकऱ्यांच्या पचनी पडली नाही, असे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले. लोकनियुक्त प्रतिनिधीला पदावरून दूर करण्याची बाब अधिकाऱ्यांनी फार सहज घेतली, असेही सुनावले.

या प्रकरणात कोणी शस्त्र उचलले नाही. साधने होती ती एक अर्ज, एक चौकशी, एक आदेश आणि लोटत गेलेले महिने. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, २०११ मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांचे आरक्षण निम्म्यावर नेले. कायद्याने खुर्ची दिली. पण खुर्चीभोवतीची माणसे कायद्याने बदलत नाहीत. सही बाईंची आणि शब्द मालकांचा, ही रीत कितीतरी ग्रामपंचायतींनी पाहिली आहे. ज्या बाई स्वतःचा शब्द चालवू पाहतात, त्यांच्या वाट्याला गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या सभा, न सापडणारी दप्तरे, चारित्र्यावरची कुजबुज आणि शेवटी अविश्वासाचा ठराव येतो.

म्हणून आमची मागणी अशी, की आमच्या धर्मग्रामांतील युवक-युवतींनी अभिरूप संसद जरूर भरवावी, पण तिची सुरुवात निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून करावी. एका मुलीला नवनिर्वाचित नगराध्यक्षा किंवा सरपंच करावे. इतरांना कंत्राटदार, जुना पुढारी, मोठा जमीनदार, कार्यालयातील अनुभवी लिपिक, वार्ताहर अशा भूमिका द्याव्यात. एखाद्याला धर्मगुरूचीही भूमिका द्यावी, कारण आम्हीही गावातील प्रतिष्ठितांत मोडतो आणि आमच्या मौनालाही वजन असते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: कायद्याचे एकही कलम न मोडता तुम्ही या मुलीला किती दिवस काम करू देणार नाही? उत्तरे ऐकून पालक चकित होतील. ज्या मुलाने अडवणुकीची युक्ती स्वतः योजली, त्याला ती पुढे नगरपरिषदेत कोणी वापरताच ओळखता येईल.

यावर आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. पहिला आक्षेप, देवळाच्या आवारात राजकारण नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या 'गाउदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात लोकांना, विशेषतः तरुणांना, नागरी व राजकीय शिक्षण देण्याचा आग्रह धरला आहे. पक्षाचा प्रचार वेगळा आणि नागरिक घडवणे वेगळे. दुसरा आक्षेप, अशाने मुले कारस्थाने शिकतील. चोरी कशी होते हे ठाऊक असलेला माणूस चोर होतो असे नाही, तो दाराला कडी लावतो.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. निवडून आलेल्याला विरोध करणे हा लोकशाहीतील हक्क नाही काय? आहे, आणि निवडून आलेला मनुष्यही हुकूमशहा होऊ शकतो. म्हणूनच विरोध आणि अडवणूक यांतील भेद शिकवावा लागतो. केरळचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. १९८८ साली स्थापन झालेल्या कल्याण धर्मप्रांतात मल्याळी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना तो काळ आठवत असेल. १९५७ साली तेथे ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचे सरकार रीतसर निवडून आले. त्याच्या शिक्षण विधेयकाला ख्रिस्तसभेने विरोध केला. राष्ट्रपतींनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायासाठी पाठवले आणि न्यायालयाने १९५८ मध्ये त्यातील काही तरतुदी अल्पसंख्याकांच्या हक्कांना बाध आणणाऱ्या ठरवल्या. हा उजेडातला मार्ग होता. पण पुढच्या वर्षीच्या आंदोलनात ख्रिस्तसभा, नायर सर्व्हिस सोसायटी आणि इतर पक्ष रस्त्यावर एकत्र आले, मागणी सरकारच जाण्याची झाली आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते बरखास्त केले. त्यात शाळांचा हक्क किती आणि जमीनसुधारणेची भीती किती? हा प्रश्न मुलांनी दोन्ही बाजूंनी लढवावा. तो प्रश्न टाळून आपण इतरांच्या गावगुंडीवर बोट ठेवू शकत नाही.

भेद ओळखण्याच्या आमच्या कसोट्या तीन. विरोध नाव सांगून, उघडपणे केला जातो काय? तो निर्णयाला आहे की निर्णय घेणाऱ्या व्यक्तीच्या जातीला, लिंगाला, गरिबीला? आणि तेच हत्यार उद्या आपल्यावर उगारले गेले तर आपण ते न्याय्य मानू काय?

आमच्या पट्ट्याला हा धडा तातडीने हवा आहे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथने नगराध्यक्षपद एका पक्षाला दिले आणि सभागृहातील सर्वांत मोठा गट दुसऱ्या पक्षाचा निवडला. जानेवारीत तेथे संख्येची जी जुळवाजुळव झाली, तिची चर्चा राज्याबाहेरही गेली. कोणता पक्ष बरोबर, हे सांगणे आमचे काम नाही. मात्र एकाच मतदाराने दिलेले दोन कौल एकमेकांसमोर उभे राहिले की काय घडते, हे आमच्या मुलांना वर्तमानपत्र वाचून कळावे आणि पाठ्यपुस्तकातून कळू नये, हे शिक्षणाचे अपयश आहे.

आणि नगरपरिषदेपर्यंत कशाला जायचे? ज्या धर्मग्रामात धुणीभांडी करणाऱ्या आईची मुलगी युवा संघाची सचिव निवडून येते आणि त्याच महिन्यापासून प्रतिष्ठित घरांतील मुले सभेला येईनाशी होतात, वर्गणी थांबते, हिशेबाविषयी कुजबुज सुरू होते, त्या धर्मग्रामाने विचखेड्याला नावे ठेवू नयेत. आईवडिलांनी येत्या रविवारी आपल्या मुलांना एवढेच विचारावे: तिच्या बोलावण्यावरून तू शेवटच्या सभेला गेला होतास काय?