नाकाचं ऑपरेशन आणि बुडणारा रोज

"नाकाचा पडदा वाकडा आहे. ऑपरेशन करू, आठवड्यात कामाला लागाल," असं डॉक्टर सांगतात. तो आठवडा खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा. आपल्या वस्तीतला भाऊ डोक्यावर घमेलं वाहतो, ताई रस्ता झाडते. त्यांना दोन ते तीन आठवडे लागतात. वॉर्डात त्यांचं काम कोणी विचारत नाही. नर्स असताना मीही कार्ड हातात देऊन मोकळी व्हायचे, कबूल करते.

नाकात भरलेली पट्टी एक-दोन दिवसांत निघते, पण जखम आत ओलीच असते. ओझं उचललं, वाकून जोर केला, नाक जोरात शिंकरलं की रक्त सुटतं. धूळ, चुलीचा धूर नकोच. शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, उशी उंच घ्या. आणि बायांनो, पाण्याचा हंडा हेही ओझंच. ते घरात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा.

हे ऑपरेशन बहुधा तातडीचं नसतं, म्हणून तारीख घेण्याआधी डॉक्टरांना आपलं काम नेमकं सांगा. 'ओझं व धूळ नको' हे दिवसांसकट लिहून घ्या. पगारातून ईएसआय कापत असतील तर आजारपणात मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी आणि ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. ठेकेदार कापलेले पैसे खरंच भरतो का, ते आधीच तपासा.

रक्त थांबेना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.