बाकावरच्या मुलाचा हक्क

अमेरिकेतील ‘लिटल लीग’ या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमपुस्तिकेत एक छोटे कलम आहे. नेहमीच्या हंगामातील सामन्याला सुरुवातीपासून हजर असलेल्या प्रत्येक मुलाला, त्याचे कौशल्य कितीही बेताचे असो, प्रतिस्पर्ध्यांचे किमान सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षणासाठी मैदानात उतरवावे लागते आणि किमान एकदा बॅट हाती द्यावी लागते. प्रशिक्षकाने हे टाळले, तर पुढच्या सामन्यात त्या मुलाला सुरुवातीपासून खेळवून आधीची उणीव भरून द्यावी लागते. पुन्हा पुन्हा टाळले, तर लेखी ताकीद, एका सामन्याची बंदी आणि अखेरीस हंगामभराची बंदी, अशी शिक्षा प्रशिक्षकाला होते. मुलाला नव्हे.

क्रीडाधोरणावरील आपल्या चर्चेत पदके, स्टेडियम, प्रायोजक आणि महासंघांच्या निवडणुका हे विषय असतात. मला मात्र हे चार ओळींचे कलम अधिक महत्त्वाचे वाटते, कारण खेळ कोणासाठी आहे या प्रश्नाचे उत्तर त्यात भाषणाच्या नव्हे, तर नियमाच्या भाषेत दिलेले आहे. आपल्याकडे मुलांच्या स्पर्धा कमी नाहीत. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धा अनेक दशके चालू आहेत. २०१८ पासून ‘खेलो इंडिया’च्या स्पर्धांची भर पडली. परंतु या साऱ्यांची घडण चाळणीची आहे. शाळा, तालुका, जिल्हा, राज्य अशा प्रत्येक पायरीवर बहुसंख्य मुले घरी परततात. गुणवंतांची निवड करणे यात गैर काहीच नाही. गैर एवढेच, की चाळणीतून खाली पडलेल्या मुलांसाठी दुसरी व्यवस्था नाही आणि त्यांच्या बाजूने बोलणारा एकही नियम नाही.

लिटल लीगचा जन्म १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी झाला. कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका गृहस्थाने आपल्या पुतण्यांसाठी आणि आसपासच्या मुलांसाठी तीन संघ उभे केले. गावातील एक लाकूड वखार, एक दूध डेअरी आणि एक प्रेट्झेल कंपनी यांनी ते पुरस्कृत केले. स्टॉट्झची मूळ कल्पना साधी होती : मोठ्यांचे मैदान मुलांच्या मापाचे करायचे. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. लिटल लीगमध्ये ते ६० फूट आहे. मोठ्यांचा पिचर साडेसाठ फुटांवरून चेंडू टाकतो, तर इथला ४६ फुटांवरून. डाव नऊऐवजी सहा. मुलाला मैदानाच्या मापाचे होईपर्यंत थांबायला लावण्याऐवजी मैदानच त्याच्या मापाचे करण्याचा हा विचार होता आणि पुढचे सारे नियम त्यातूनच उगवले.

त्यांतील सर्वांत बोलका नियम पिचरच्या हाताविषयीचा आहे. पूर्वी एका मुलाने आठवड्यात किती डाव पिचिंग करावे यावर मर्यादा होती. पण एका डावात दहा चेंडू पडू शकतात, तसे चाळीसही. कोवळ्या कोपरावर आणि खांद्यावर पडणारा भार डावांनी मोजता येत नाही, हे क्रीडावैद्यकाने दाखवून दिल्यावर २००७ पासून चेंडू मोजले जाऊ लागले. सात-आठ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ५० चेंडू टाकायचे, नऊ-दहाच्या मुलाने ७५, अकरा-बाराच्या मुलाने ८५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकले, तर पुढचे चार दिवस त्याच्या हाताला सक्तीची विश्रांती. मर्यादा एखाद्या बॅटरच्या मध्यावरच गाठली गेली, तर तेवढा बॅटर पूर्ण करण्याची मुभा आहे.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला या मसुद्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. ‘मुलांवर अतिरिक्त ताण येऊ देऊ नये’ असे परिपत्रक काढणे सोपे असते. त्याचे पालन झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. ‘८५ चेंडू’ हे मात्र कुंपणाबाहेर वही घेऊन बसलेली कोणतीही आई मोजू शकते. त्यासाठी निरीक्षक लागत नाही, डॉक्टर लागत नाही. शिवाय तो नियम प्रशिक्षकाला जिंकण्याच्या मोहापासून वाचवतो. अंतिम सामन्यात आपला सर्वोत्तम पिचर थकला आहे हे दिसत असूनही त्याला थांबवणे कठीण असते. नियमाने थांबवले, की कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. मुलांच्या वेगवान गोलंदाजीसाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयानुसार एका स्पेलची आणि एका दिवसाची षटके बांधून दिली आहेत, त्यामागेही हेच तर्कशास्त्र आहे. आपल्याकडे गावोगावच्या अकादम्यांमध्ये बारा-तेरा वर्षांची मुले सकाळ-संध्याकाळ नेटमध्ये गोलंदाजी करतात आणि त्यांचे चेंडू कोणी मोजत नाही.

आता एका वेगळ्या नियमाकडे वळू. चार डावांनंतर एक संघ दहा किंवा अधिक धावांनी पुढे असेल, तर लिटल लीगमध्ये सामना तिथेच संपतो. लहान गटांत एका डावात पाचच धावा मोजण्याची मर्यादा स्थानिक मंडळ घालू शकते. याच्या शेजारी आपला एक सामना ठेवून पाहावा. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला एका आंतरशालेय सामन्यात एका मुलाने नाबाद १,००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली आणि त्या मुलाच्या जिद्दीचे कौतुक व्हायलाच हवे होते. त्याच्या संघाने ३ बाद १,४६५ वर डाव सोडला; प्रतिस्पर्धी शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. या आकड्यांच्या दुसऱ्या बाजूला अकरा मुले उन्हात चेंडूमागे धावत होती, आणि जिंकणाऱ्या संघातील सहा मुलांच्या वाट्याला बॅट आली नव्हती. १९८८ च्या हॅरिस शिल्डमधील ६६४ धावांच्या भागीदारीने आपल्याला सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ओळख करून दिली. त्या डावातही शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव सोडला तेव्हा सात मुले पॅड बांधून किंवा न बांधता बसूनच राहिली होती. हॅरिस शिल्ड ही चुरशीची स्पर्धा आहे, करमणुकीची साखळी नव्हे, हे मान्य. माझा मुद्दा इतकाच, की चौदा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी आपल्याकडे या दोहोंपैकी पहिलीच आहे.

नियम लिहिले, की न्याय आपोआप होतो असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी तसे मानू नये. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग येथे एक मुलगी मुलाचे सोंग घेऊन लिटल लीगमध्ये खेळली. पुढच्याच वर्षी मुलींना बंदी करणारा नियम आला. तो जाण्यासाठी १९७४ साल उजाडावे लागले. न्यू जर्सीतील होबोकेनच्या मारिया पेपे या मुलीला संघातून काढले गेले, प्रकरण त्या राज्याच्या नागरी हक्क विभागासमोर गेले, निकाल मुलींच्या बाजूने लागला, आणि मग संघटनेने दार उघडले. तोवर मारियाचे वय उलटून गेले होते.

१९५५ ची घटना तर अधिक बोचरी आहे. साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएचा कृष्णवर्णीय मुलांचा संघ राज्य स्पर्धेत उतरला, तेव्हा गोऱ्या मुलांच्या ६१ संघांनी माघार घेतली. हा एकच संघ उरला. पण पुढच्या फेरीत जायचे तर मैदानावर खेळून जिंकलेले असले पाहिजे, असा नियम होता. आणि यांच्याशी तर कोणी खेळलेच नव्हते. म्हणून हा संघ अपात्र ठरला. विल्यम्सपोर्टला त्या मुलांना पाहुणे म्हणून बोलावले गेले, सराव करू दिला गेला, प्रेक्षकांतून त्यांना खेळू द्यावे अशा घोषणा उठल्या, आणि मुलांनी प्रेक्षागारात बसून इतरांचा सामना पाहिला. कागदावर निष्पक्ष दिसणारा नियम बहिष्कार घालणाऱ्यांच्या हाती कसे हत्यार देतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. ज्या देशात पाणवठा आणि मंदिर यांवरून संघर्ष झाले, त्या देशाच्या वाचकाला ते समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा धडा लबाडीचा आहे. १९९२ मध्ये फिलिपिन्सच्या झाम्बोआंगा संघाचे जागतिक विजेतेपद अपात्र खेळाडूंमुळे काढून घेतले गेले. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील संघाचा विलक्षण पिचर बाराऐवजी चौदा वर्षांचा निघाला. जन्मदाखला खोटा होता. २०१४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या शिकागोच्या संघाने ठरलेल्या हद्दीबाहेरची मुले घेतल्याचे उघड झाले आणि पुढच्या वर्षी विजेतेपद रद्द झाले. तिन्ही प्रकरणांत लबाडी मोठ्यांची, अपमान मुलांचा. आणि तिन्ही घडली ती दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या मोठ्या स्पर्धेच्या वाटेवर. शनिवारच्या सकाळी शेजारच्या गल्लीतील मुलांशी खेळण्यासाठी कोणी खोटा जन्मदाखला करीत नाही. वयचोरीविरुद्ध आपल्याकडे २०१० पासून राष्ट्रीय संहिता आहे, क्रिकेट मंडळ हाडांच्या चाचण्या करते, राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात या रोगाविषयी कळकळीने सांगितले. चाचण्या हव्यातच. पण बाराव्या-चौदाव्या वर्षीच्या पदकाला नोकरी, शिष्यवृत्ती आणि प्रवेश यांची जोड जितकी घट्ट, तितका खोटेपणाचा मोह मोठा. लिटल लीगचा संस्थापक स्टॉट्झ स्वतः संघटनेच्या व्यापारी विस्ताराबद्दल मतभेद होऊन १९५०च्या दशकाच्या मध्यात तिच्यापासून दुरावला, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : सर्वांना खेळवत बसलो तर विजेते कसे घडणार? नॉर्वेचे उदाहरण पाहावे. तेथील क्रीडा महासंघाचे बालक्रीडेविषयीचे नियम १९८७ पासून आहेत आणि २००७ मध्ये मुलांचे क्रीडाहक्क म्हणून ते नव्याने मांडले गेले. अकरा वर्षांखाली निकालांची क्रमवारी लावायची नाही आणि तेरा वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, असे त्यांचे सूत्र आहे. त्याच नॉर्वेने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदके जिंकली. नॉर्वे श्रीमंत आहे, लहान आहे, तिथे बर्फ आहे, हे खरे. नियमामुळेच पदके आली असे मी म्हणणार नाही. नियमामुळे पदके अडली नाहीत, एवढे निश्चित म्हणता येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेतच सुस्थितीतील पालक मुलांना महागड्या, फिरत्या, निवडक संघांकडे नेऊ लागले आहेत आणि गल्लीतील साखळी ओस पडू लागली आहे. नियम चांगला असला तरी माणसे त्याच्याबाहेर निघून जाऊ शकतात. म्हणूनच तो सार्वजनिक पैशाला जोडला पाहिजे.

आपल्या राज्यघटनेत ‘क्रीडा’ हा विषय राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत आहे. केंद्राला इथे हुकूम सोडता येणार नाही. पण अनुदानाची अट घालता येते, आणि राज्यांना तर कोणी अडवलेलेच नाही. जिल्हा प्रशासनात असताना क्रीडा अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रे माझ्या टेबलावर येत. साहित्य किती घेतले, स्पर्धा किती भरवल्या, पदके किती मिळाली, असे रकाने त्यांत असत. किती मुले प्रत्यक्ष मैदानात उतरली, हा रकाना कधी नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. त्या क्रीडांगणावर कोणी खेळायचे, यावर मौन आहे.

तो रकाना आता घालावा. चौदा वर्षांखालील कोणत्याही स्पर्धेला वा अकादमीला सरकारी पैसा किंवा सरकारी मैदान द्यायचे, तर नोंदलेले प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात ठरावीक वेळ खेळले पाहिजे, ही पहिली अट असावी. वेगवान गोलंदाजाची दिवसाची आणि आठवड्याची षटके मोजून वहीत नोंदावीत आणि ती वही कोणत्याही पालकाला पाहता यावी. एकतर्फी सामना कुठे थांबवायचा ते आधी ठरलेले असावे. बारा वर्षांपर्यंत मुलामुलींचे संघ एकत्र असावेत. एखाद्या संघावर इतरांनी बहिष्कार घातला, तर तो संघ पुढे जाईल आणि बहिष्कार घालणाऱ्यांचे अनुदान थांबेल, असे स्पष्ट लिहावे. वयाच्या लबाडीत शिक्षा दाखला बनवणाऱ्या मोठ्यांना व्हावी. मुलाला त्याच्या खऱ्या वयाच्या गटात खेळू द्यावे. यांपैकी एकाही गोष्टीला नवे स्टेडियम लागत नाही, नवा कायदा लागत नाही. एखाद्या राज्याने येत्या शैक्षणिक वर्षात दोन-तीन जिल्ह्यांत हे करून पाहावे आणि वर्षाअखेरीस पदकांच्या यादीबरोबर दुसरीही यादी प्रसिद्ध करावी : किती मुलांनी नावे नोंदवली, किती प्रत्यक्ष खेळली, आणि पुढच्या वर्षी किती परत आली.