एका वेगवान गोलंदाजाचे शरीर

आपल्या जिल्ह्यातील श्रीरामपूरचा झहीर खान बहुतेकांना आठवतो तो २०११ च्या विश्वचषकातील २१ बळींसाठी. या सदरात मात्र त्याच वर्षीच्या जुलै महिन्यातील एका दिवसाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. लॉर्ड्स कसोटीचा तो पहिला दिवस. इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर झहीरने बाद केले होते. चौदावे षटक चालू असताना उजव्या मांडीच्या मागचा स्नायू दुखावला, तो मैदानाबाहेर गेला आणि त्या मालिकेत पुन्हा कसोटी खेळू शकला नाही. पुढे घोट्यावर शस्त्रक्रियाही झाली. भारताने ती मालिका ०-४ अशी गमावली.

वेगवान गोलंदाजाचे पुढचे पाऊल जमिनीवर पडते, त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट, कित्येकदा त्याहूनही अधिक भार त्या पायावर येतो. तो आघात घोटा, गुडघा, कंबर असा वर चढत जातो. झहीरने ९२ कसोट्यांत अठरा हजारांहून अधिक चेंडू टाकले व ३११ बळी मिळवले. सरावातील चेंडूंची गणती निराळीच.

मांडीचा हा स्नायू एकदा फाटला की पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. कारण असे की वेदना आधी जाते, बळ मागाहून येते. आणि वेदना गेली की खेळाडू धावू लागतो. २०१२ च्या अखेरीस संघाबाहेर गेलेल्या झहीरने पुढल्या वर्षी फ्रान्समध्ये कसून व्यायाम केला, पस्तिशीत पुनरागमन केले आणि जोहान्सबर्गला तीनशेवा बळी घेतला. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला त्याने एकाच डावात ५१ षटके टाकली. ती त्याची शेवटची कसोटी. दिवसाला अठरा षटकांचा ताण खांदा सोसणार नाही, हे ओळखून ऑक्टोबर २०१५ मध्ये तो निवृत्त झाला. दुखणे अंगावर काढण्यालाच शौर्य मानणाऱ्या आपल्या समाजात हा निर्णय मला त्या बळींइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्या घरी चौदा-पंधरा वर्षांचा गोलंदाज असेल, तर त्याच्या मांडीपेक्षा कमरेची काळजी अधिक घ्यावी. वाढत्या वयात मणक्याच्या खालच्या हाडाला वारंवारच्या ताणाने बारीक तडा जाऊ शकतो. कमरेच्या एकाच बाजूस दुखणे आणि मागे वाकताना ते वाढणे, ही त्याची खूण. अशा वेळी तेल लावून चोळणे, पट्टा बांधून सामना खेळणे टाळावे; गोलंदाजी त्वरित थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावे. मुलगा शाळेकडून, क्लबकडून आणि रविवारी गावच्या टेनिस बॉल स्पर्धेतही खेळतो. प्रत्येक प्रशिक्षकाला आपल्यापुरतीच षटके ठाऊक असतात. एकूण बेरीज घरच्यांनीच ठेवावी. एका वहीत रोजचे चेंडू लिहावेत, सरावातलेही, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी.