चालक उतरेल, पण जाईल कोठे?

हैदराबादच्या गौलीगुड्याचे रेल्वेशी नाते जुने आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्या व १६६ कामगार घेऊन बस-वाहतूक आरंभिली. त्या वाहतुकीचे मुख्य स्थानक पुढे अनेक वर्षे गौलीगुड्यात नांदले आणि १९९४ साली मुसीकाठच्या इमलीबनात गेले. आज तेथेच मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांस छेदतात. या मेट्रोत गाडीचा वेग आणि थांबा संगणक ठरवितो. केबिनमधील तरुण वा तरुणी दरवाजे लावते, गाडी सोडते आणि मार्गावर नजर ठेवते. उद्या हेही काम यंत्राने केले तर?

ही कल्पनेची भरारी नव्हे. दिल्लीत २८ डिसेंबर २०२० रोजी चालकाविना मेट्रो सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये खुल्या झालेल्या बंगळूरच्या पिवळ्या मार्गिकेवरील गाड्याही तशाच धावण्याजोग्या आहेत.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. वाफेचे इंजिन गेले, तेव्हा भट्टीत कोळसा लोटणारा फायरमनही गेला. ती होरपळ पुन्हा कोणाच्या वाट्यास यावी, असे कोण म्हणेल? परंतु फायरमनला चालक होण्याची शिडी होती. आज चालकाचीच पायरी काढली जात असता, त्याने पाय ठेवावा कोठे? नियंत्रणकक्षात माणसे लागतात, दुरुस्तीसही लागतात. पण ती जागा याच चालकांना मिळेल, असे लिहून कोण देतो? कंत्राटी कामगाराला तर विचारणाराही नसतो.

पॅरिसने आपली १९०० सालची पहिली मेट्रो-मार्गिका २०१२ अखेर पूर्णतः चालकविरहित केली. तत्पूर्वी कामगारांशी वाटाघाटी करून चालकांना अन्य मार्गांवर व देखरेखीच्या पदांवर सामावून घेतले. तेथे जे जमले, ते येथे का जमू नये?

बेळगाव-खानापुरातील मुले रेल्वेभरतीसाठी रात्री जागवितात, म्हणून हा प्रश्न आमच्याही उंबरठ्यावरचा आहे. आमची मागणी स्पष्ट आहे: केबिन रिकामी करण्यापूर्वी किती पदे जाणार आणि किती निर्माण होणार, हे सरकारने जाहीर करावे, पूर्ण वेतनावर नवे शिक्षण द्यावे, आणि नव्या पदांवर पहिला हक्क, कंत्राटी कामगारांसह, जुन्या चालकांचा मानावा. यंत्राने वाचविलेल्या पैशात ज्याचे काम गेले त्याचा वाटा नसेल, तर त्या बचतीस प्रगती म्हणण्यास आम्ही तयार नाही.