‘उद्या’ कोणाचा? – ‘अशिता नो ज्यो’च्या निमित्ताने

कार्टून पोरांनी पाहावे आणि मोठ्यांनी त्यावरून त्यांना रागवावे, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. तेव्हा महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात एका जपानी चित्रमालिकेवर लेख पाहून काही वाचक भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. त्यांना मी एवढेच सांगेन, की या कथेतील एक पात्र मेले तेव्हा 24 मार्च 1970 रोजी टोकियोत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. कवी आणि नाटककार शुजी तेरायामा यांनी त्यात पुढाकार घेतला होता आणि कागदावरच्या त्या माणसाला निरोप देण्यासाठी सुमारे सातशे माणसे जमली होती. ज्या कलाकृतीसाठी माणसे अशी रडतात, तिचा विचार करण्यात कमीपणा कसला?

कथेचे नाव ‘अशिता नो ज्यो’, म्हणजे ‘उद्याचा ज्यो’. आसाओ ताकामोरी या टोपणनावाने इक्की काजिवारा यांनी ती लिहिली आणि तेत्सुया चिबा यांनी ती चितारली. 1968 ते 1973 या काळात ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. 1 एप्रिल 1970 पासून ओसामु देझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तिची दूरदर्शन मालिका सुरू झाली आणि 79 भागांनंतर सप्टेंबर 1971 मध्ये थांबली, कारण मूळ कथाच तोवर पुरी झालेली नव्हती. पुढे 1980-81 मध्ये देझाकी यांनीच 47 भागांची दुसरी मालिका करून ती शेवटास नेली. 2018 साली, कथेला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने, ‘मेगालोबॉक्स’ नावाची नवी मालिका तिच्या प्रेरणेने निघाली. मुष्टियुद्धाची एक गोष्ट एवढी वर्षे टिकते, याचे कारण काय असावे?

सर्रास दिले जाणारे उत्तर असे, की गरीब पोर झगडून वर येते आणि लोकांना ते आवडते. हे उत्तर मला मुळीच मान्य नाही. कारण ज्यो वर येतच नाही. तो जगज्जेतेपदाची लढत हरतो. त्याच्याजवळ घर नाही, पैसा नाही, संसार नाही. झगडून वर येणाऱ्या पोरांच्या शेकडो गोष्टी आपण ऐकतो आणि विसरून जातो. ही विसरली जात नाही, ती वेगळ्याच कारणाने.

ज्यो याबुकी हा अनाथाश्रमांतून पळालेला भटक्या मुलगा. तो येऊन पडतो ते टोकियोच्या सान्या भागात. ही मजुरांची वस्ती. सकाळी मुकादमाने उचलले तर त्या दिवसाची मजुरी, नाहीतर काही नाही. आपल्याकडे मजूर अड्ड्यावर चालते तोच व्यवहार. तिथल्या स्वस्त निवाऱ्यांना ‘दोया’ म्हणतात. जपानीत धर्मशाळेला शब्द आहे ‘यादो’. तोच उलटा केला की होतो ‘दोया’. म्हणजे माणसाने राहण्याजोगी नव्हे ती जागा! 1966 साली ‘सान्या’ हे नावच सरकारी पत्त्यांतून काढून टाकण्यात आले. वस्ती राहिली, माणसे राहिली, नाव तेवढे गेले. 1968 साली जपान आर्थिक उत्पादनात भांडवलशाही जगात दुसऱ्या क्रमांकावर पोचला. मार्च 1970 मध्ये ओसाकात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. ज्यांच्या हातांनी हे रस्ते, पूल आणि इमारती उभ्या राहिल्या, त्यांतले कित्येक रात्री दोयात झोपत होते. देशाचा ‘उद्या’ उजाडला होता, त्यांचा नव्हता. कथेच्या नावातील ‘उद्या’ हा शब्द असा टोचणारा आहे.

या वस्तीशी जोडलेला एक पूल आहे, ‘नामिदाबाशी’, म्हणजे अश्रूंचा पूल. जुन्या काळी जवळच वधस्थान होते. तिकडे नेल्या जाणाऱ्या गुन्हेगारांचे आप्त इथे त्यांचा निरोप घेत, म्हणून हे नाव पडले. आज ना तो ओढा दिसतो ना पूल. नाव तेवढे उरले आहे. कथेत या पुलाखाली एका फळकुटांच्या खोपटात दानपेई तांगे नावाचा एकाक्ष, दारुडा, माजी मुष्टियोद्धा आपली तालीम थाटतो. आयुष्यात हरलेली माणसे रडत हा पूल ओलांडून वस्तीत येतात. आपण तो उलट्या दिशेने ओलांडायचा, असे तो ज्योला सांगतो. ज्यो त्याला हसतो. ज्यो काही सद्गुणांचा पुतळा नव्हे. मदतीच्या नावाखाली लोकांकडून पैसे उकळल्याबद्दल त्याला अटक होते. कोठडीत त्याला दानपेईचे पोस्टकार्ड येते. वर लिहिलेले असते ‘उद्यासाठी’, आणि खाली डाव्या हाताचा ठोसा कसा मारावा याचा पहिला धडा : कोपर अंगालगत ठेव, हात सरळ आणि झटक्यात सोड. ज्यो ते कार्ड आधी भिरकावून देतो. मग करायला दुसरे काही नाही म्हणून एकदा तसा ठोसा मारून पाहतो आणि स्वतःच चमकतो. शिक्षणावरची लंबीचौडी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. पण ज्याच्यावर कोणीच कधी विश्वास टाकला नाही, त्याला कोणी पहिल्यांदा काही शिकवते तेव्हा नेमके काय होते, हे त्या पोस्टकार्डाइतके स्वच्छ मला कोणी दाखवले नव्हते.

मुलांच्या सुधारगृहात त्याला तोरु रिकिइशी भेटतो आणि दोघांचे वैर जुळते. अडचण ही, की रिकिइशी अंगाने थोराड, कितीतरी वरच्या वजनगटातला. आणि ज्यो बँटमवेट, ज्याची मर्यादा 118 पौंड, म्हणजे सुमारे साडेत्रेपन्न किलो. ज्योशी लढता यावे एवढ्यासाठी रिकिइशी स्वतःला वाळवतो. अन्न सोडतो, शेवटी पाणीही तोडतो. तालमीतले नळ तारेने बांधलेले असतात. तालमीची धनाढ्य मालकीण योको शिराकी त्याच्यासाठी कपभर गरम पाणी आणते. तो तिचे आभार मानतो आणि ते पाणी ओतून टाकतो. लढत तो जिंकतो, आणि ज्योशी हात मिळवायला पुढे येता येता कोसळून मरतो. ज्याचा अंत्यविधी झाला तो हाच रिकिइशी.

पुढची एक लढत मला सबंध कथेचा गाभा वाटते. किम योंग-बी हा कोरियन मुष्टियोद्धा. कोरियन युद्धात, अगदी लहान असताना, भुकेने वेडा होऊन त्याने अन्नासाठी एका सैनिकाला दगडाने ठेचून मारले. नंतर कळले की तो त्याचा बापच होता. तुम्हा लोकांना भूक म्हणजे काय ते ठाऊक नाही, असे त्याचे ज्योला सांगणे, आणि ज्यो त्यापुढे निरुत्तर होऊन मार खात राहतो. मग त्याला रिकिइशी आठवतो. किमला अन्न मिळत नव्हते. रिकिइशीसमोर ते होते आणि त्याने ते आपल्या इच्छेने नाकारले. लादलेली भूक माणसाला पशू करू शकते. पत्करलेली भूक त्याला आपल्या आयुष्याचा धनी करते. ज्यो उठतो आणि जिंकतो.

इथे मात्र मला थांबावेसे वाटते. हा विचार सुंदर आहे, पण तो फार धोक्याचाही आहे. ज्याच्यावर भूक लादली गेली त्याला ‘तुझ्यापेक्षा उपवास करणारा श्रेष्ठ’ असे सांगणे कितपत न्याय्य? किमच्या जागी मी असते तर त्या कौलावर मी सही केली नसती. आणि या विचाराची भूल किती पडू शकते, याला इतिहासाची साक्ष आहे. 31 मार्च 1970 रोजी, म्हणजे रिकिइशीच्या अंत्यविधीनंतर आठवड्याने आणि मालिकेच्या आदल्याच दिवशी, ‘रेड आर्मी’ गटाच्या नऊ तरुणांनी जपान एअरलाइन्सचे एक विमान पळवले आणि ते उत्तर कोरियाला गेले. जाताना त्यांनी आपण ‘उद्याचे ज्यो’ आहोत असे जाहीर केले. त्या वेळी कथेचा शेवट लिहिलाही गेला नव्हता! ज्या नायकाचे नाव त्यांनी घेतले त्याचे पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि ज्योने कधी कोणाला ओलीस धरले नाही. जे जाळले ते स्वतःचे, हा फरकही त्यांच्या ध्यानी आला नाही.

पण तेवढ्यावरून ही कथा तरुणांना मरायला शिकवते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण काजिवारा आणि चिबा यांनी ज्योच्या शेजारी निशी ठेवला आहे. निशी ज्योचा सोबती, सुधारगृहापासूनचा. त्यालाही मुष्टियोद्धा व्हायचे असते. पण भूक आवरत नाही. रात्री चोरून तो उदोन शेवया खायला जातो आणि ज्यो त्याला तिथे गाठून ठोसा मारतो. पहिल्या वेळी आपण ज्योच्या बाजूने असतो. पुढे निशी मुष्टियुद्ध सोडतो, वस्तीतल्या किराणा दुकानात राबतो, त्या दुकानातल्या नोरिकोशी लग्न करतो. कथा त्याची टर उडवत नाही. नोरिकोच एकदा ज्योला विचारते, की ऐन तरुणपणी हे असे जगताना तुला वाईट नाही वाटत? तो सांगतो, की अर्धवट धुमसत राहण्यापेक्षा क्षणभर का होईना लालभडक पेटावे आणि मागे फक्त पांढरी राख उरावी. ते ऐकून नोरिकोला उमगते की या माणसामागून आपल्याला जाता यायचे नाही. ती भित्री नाही. तिला नीट समजले म्हणून ती थांबते.

आपल्यापैकी जे घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. माझ्या घरी ‘उद्या’ हा शब्द रोज उच्चारला जातो. तो माझ्या एकटीचा नाही. त्यात आईची मजुरी आहे, धाकट्या भावंडांचे थांबलेले हट्ट आहेत. अशा माणसाला राख होण्याची चैन परवडत नाही. ज्योला मागे कोणी नव्हते म्हणून तो पेटू शकला, असे मी वादाला उभी राहून म्हणेन. पण त्याच वेळी हेही खरे, की ‘उद्या सुखात राहशील’ या आश्वासनावर सगळा ‘आज’ गहाण टाकून जगणारी मुले मी वर्गात पाहते, आणि ती कशानेच पेटत नाहीत. त्यांना अभ्यास आवडत नाही, नावडतही नाही. ती फक्त धुमसतात. ज्योचे बोलणे तिथे बोचते. निशी आणि नोरिको यांचा मार्ग बरोबर आहे असे मला वाटते. आणि तरीही रात्री झोपताना आठवतो तो ज्यो. ही ओढाताण कथेने सोडवलेली नाही. माझ्या मते तिचे टिकणे यात आहे.

देझाकी यांच्या कलेचाही यात वाटा आहे. त्या काळी दूरदर्शनसाठी थोड्या पैशांत, थोड्या चित्रांत भागवावे लागे. देझाकी यांनी या गरिबीचीच शैली केली. ऐन क्षणी हालचाल थांबते आणि चौकट हाताने रंगवलेल्या स्थिर चित्रात बदलते. कधी एकच ठोसा लागोपाठ तीनदा दिसतो. आठवण अशीच असते. सगळे पुसले जाते, एखादा क्षण गोठून राहतो. तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते.

याच काजिवारांच्या ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलच्या कथेवरून 2012 साली आपल्याकडे ‘सूरज’ नावाची हिंदी मालिका निघाली होती. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि नायक मुंबईतला गरीब मुलगा. ती कथा आपल्या मातीत लावता आली, कारण तिच्यात कष्टाचे फळ मिळण्याची आशा आहे. ज्योला असे कलम करणे अवघड जावे. होसे मेंदोझाशी झालेल्या अखेरच्या लढतीत मेंदूला इजा झाल्याची लक्षणे दिसत असूनही ज्यो उतरतो. योको त्याला परोपरीने विनवते, तो ऐकत नाही. पंधरा फेऱ्या होतात, तो गुणांवर हरतो. मेंदोझाचे केस मात्र पांढरे झालेले असतात. ज्यो हातमोजे योकोला देतो आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसतो. चेहऱ्यावर किंचित हसू, सारे चित्र पांढरे. तो मेला की नुसता थकला, यावर चाहते अजून वाद घालतात.

मला हा वाद गौण वाटतो. तो मेला असे म्हणणारे आणि जिवंत आहे असे म्हणणारे, दोघेही ज्योचे काय झाले ते विचारतात. कथा मात्र आपल्याला विचारते : तुमचा ‘उद्या’ कोणी ठरवला, आणि त्यासाठी तुम्ही जे सोडता आहात ते तुम्ही होऊन सोडले की तुमच्याकडून काढून घेतले गेले? किम आणि रिकिइशी यांच्यातला फरक तेवढाच होता. पदवीच्या वाटेवर असलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा, मग उत्तर निशीचे येवो की ज्योचे.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी.ए.